वह्यांवर बसवलेली मुलगी

दि. ३ फेब्रुवारी

चि. चिऊस ताईचे अनेक आशीर्वाद.

शाळा सुरू व्हायच्या आधीचा रविवार तुला आठवतो का गं? जेवणाचं टेबल रिकामं करून आई खाकी कागदाची गुंडाळी सोडायची. मी कात्रीने कागद कापायचे, आई घड्या घालून कव्हरं चढवायची, आणि तुझं काम एकच असायचं: तयार वह्यांच्या चळतीवर बसायचं. कव्हरं दबावीत, फुगू नयेत म्हणून. तू इतकी लहान की पाय जमिनीला टेकायचे नाहीत. आई म्हणायची हलू नकोस, आणि तू खरंच हलायची नाहीस. नाकावर माशी बसली तर फुंकरीने उडवायचीस. एकदा आम्ही सगळे विसरलो, जेवायला बसलो, आणि तू आतल्या खोलीत अजून चळतीवरच. विचारलं तर म्हणालीस, मला कुणी ऊठ म्हटलंच नाही.

हे सगळं काल आठवलं ते तुझ्या फोटोमुळे. शेजारणीने पेपर आणून दिला, तोही अशी घडी घालून की तुझा चेहरा नेमका वर यावा. चेहऱ्यावर अगदी सहानुभूती, आणि डोळे माझ्या तोंडाकडे, मी कशी पांढरी पडते ते बघायला. मी तिला चहा दिला, पेपर ठेवून घेतला आणि दार लावल्यावर मग बसले. लिहिलंय, बँकेला फसवल्याच्या प्रकरणात कंपनीच्या संचालिकेची चौकशी. संचालिका! अगं, तू संचालिका कधी झालीस? मला माहीत असलेली माझी बहीण दवाखान्यांच्या खाटा आणि चाकाच्या खुर्च्या बनवणाऱ्या एका कंपनीत टायपिस्ट म्हणून लागली, मग साहेबांची सेक्रेटरी झाली, त्यांच्या भेटीच्या वेळा आणि पित्ताच्या गोळ्या सांभाळू लागली. संचालक मंडळात कधी जाऊन बसलीस, आणि बसलीस तर निदान बहिणीला एक पेढा तरी द्यायचास!

फोन लावून बोट दुखलं. बंद आहे म्हणून सांगतो. तेव्हा आपल्या जुन्या पद्धतीने लिहिते आहे. काय झालंय ते सगळं, न गाळता, न सारवता लिही. सारवलेलं मला लगेच कळतं.

रागावलेली, पण तुझीच,
ताई


दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं आणि मनातल्या मनात पुन्हा वह्यांवर बसून आले. माशी उडवायचं मी विसरले होते.

आधी एक सांगते, माझी तब्येत ठीक आहे, जेवते, झोपते. फोन चौकशीवाल्यांनी नेला, घरचा कॉम्प्युटरही नेला. म्हणून पत्र. हाताने लिहायला बरं वाटतंय. अक्षर सुधारावं म्हणून आपल्याला रोज ओळी गिरवायला लावणाऱ्या शाळेतल्या सिस्टर आज असत्या तर खूश झाल्या असत्या.

आता झालं काय ते. साहेबांनी गोदामातल्या मालावर बँकेकडून कर्ज घेतलं होतं. माल किती शिल्लक आहे हे दर महिन्याला बँकेला कळवावं लागतं. आम्ही कळवलं तितका माल गोदामात नव्हता. खोकी होती, पण पुष्कळशी रिकामी. ते बँकेच्या माणसांनी पकडलं. आणि बँकेला जाणाऱ्या त्या प्रत्येक कागदावर सही माझी.

तू विचारशील, अशा कागदावर तुझी सही कशी. संचालिका मी बऱ्याच वर्षांपूर्वी झाले. साहेब म्हणाले होते, नियमाने एक नाव कमी पडतंय, बाहेरचं घेण्यापेक्षा घरचं माणूस बरं. घरचं माणूस म्हणाले, ताई, मला किती बरं वाटलं! पेढा द्यायचं सुचलंच नाही, कारण पगार वाढला नव्हता आणि खुर्चीही तीच राहिली होती. सही हल्ली कागदावर करत नाहीत. बोटाएवढी एक काळी किल्ली असते, ती कॉम्प्युटरला लावायची, परवलीचा शब्द घालायचा, की झाली सही. आमच्याकडे सगळ्या संचालकांच्या किल्ल्या हिशेबखात्याच्या खोलीत दाराशेजारी खुंट्यांवर लटकलेल्या असतात. सगळ्या सारख्याच काळ्या. हिशेबखात्यातली मुलं चुकून भलतीच उचलायची आणि घोळ व्हायचा. मला घोळ बघवत नाही हे तुला माहीत आहे. म्हणून मी माझ्या किल्लीला निळी फीत बांधली, आणि पुठ्ठ्याचं लेबल लावून त्यावर माझं नाव आणि परवलीचा शब्द सुवाच्य अक्षरात लिहून ठेवला. चौकशी अधिकाऱ्याने ती किल्ली फितीला धरून माझ्यासमोर नाचवली आणि विचारलं की हे अक्षर कुणाचं. मी माझं म्हटलं. तो म्हणाला, अक्षर फार सुंदर आहे. हसू नकोस, पण मला क्षणभर बरंच वाटलं.

काळजी करू नकोस. साहेबांनी मला वकीलही देऊ केलेत, त्यांचेच, खूप मोठे. माझ्याकडून फी घेणार नाहीत. वकीलसाहेबांनी माझा जबाब तयार करून ठेवला आहे, की हे कागद मीच समजुतीच्या चुकीने पाठवले, साहेबांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. ते म्हणतात, वय झालेली बाई, पहिलीच वेळ, शिक्षा झालीच तर नावापुरती होईल. उलट सगळेच अडकले तर कारखाना बंद पडेल आणि कामगार घरी बसतील. शिवाय मनी बँकेत नोकरीला. प्रकरण लांबलं तर तिलाही चौकशीला बोलावतील म्हणाले. मनीने फोटो छापून आल्यापासून घरी पाऊल टाकलेलं नाही. लेकीची मान माझ्यामुळे खाली गेली, निदान तिची नोकरी तरी राहू दे. महिनाअखेरीस मी सही करणार आहे.

मनीचे बाबा गेले तेव्हा मला दारात कुणी उभं करत नव्हतं, साहेबांनी केलं. हे विसरून कसं चालेल?

तुझ्या रागावर माझा हक्क आहे, तो कमी करू नकोस.
चिऊ


दि. १३ फेब्रुवारी

चि. चिऊस अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा इतकी भडकले की हातातला कप आपटला. कान तुटला त्याचा. तुझ्या साहेबांना बिल पाठव.

नावापुरती शिक्षा म्हणजे काय असते गं? तुरुंगाचं दार नावापुरतं लागतं का? त्या वकिलाने एकदा स्वतःच्या बायकोला नावापुरतं आत बसवून दाखवावं. आणि हे फुकटचे वकील कुणाचे आहेत, तुझे की साहेबांचे? जबाबात साहेब धुतल्या तांदळासारखे आणि तू एकटी चोर, हे लिहून देणारा माणूस तुझा वकील असेल तर मग शत्रू कसा असतो ते मला कळवावं. कामगारांचा एवढा कळवळा त्यांना रिकामी खोकी रचताना आला होता का? साहेबांनी तुला दारात उभं केलं म्हणतेस. तू त्या दारात आयुष्यभर राबलीस, कधी पुरती रजा घेतली नाहीस, मनीच्या शाळेच्या कार्यक्रमांना मी जात होते कारण तुझ्या साहेबांना कुठल्याशा विमानाचं तिकीट काढायचं असायचं. ते उपकार केव्हाच फिटले.

आणि चिऊ, डोळ्यांचं काय? मागच्या वर्षी तुझ्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा तू माझ्याकडे होतीस. काळा चष्मा लावून खिडकीशी बसायचीस आणि मी तुला पेपर वाचून दाखवायचे, तू मध्येच माझे उच्चार सुधारायचीस. तुला चमच्यातलं औषध दिसत नव्हतं, मी थेंब घालायचे. त्या दिवसांतही तो महिन्याचा कागद बँकेला गेलाच असणार ना? त्यावरची सही कुणी केली? तुझ्या सुंदर अक्षरातलं लेबल वाचून कुणीतरी केली. एवढी साधी गोष्ट तुझ्या मोठ्या वकिलांना दिसली नाही, की त्यांचेही डोळे बांधलेले होते?

मी आज भिंगरीला लिहिते आहे. माझ्या वर्गातली, बाकावर एक तास धड बसायची नाही ती. तुला माहीतच आहे, ती असल्याच खटल्यांत आरोपींची बाजू मांडते. शेवटचं भेटलो तेव्हा मी तिला बोलले होते की तू चोरांच्या कोटांना इस्त्री करून पोट भरतेस, आणि ती जेवणावरून उठून गेली होती. आता तिच्याच दारात जाते आहे. माझ्या नाकाचं काय व्हायचं ते होवो. तू मात्र माझं उत्तर येईपर्यंत कशावरही सही करू नकोस. दूधवाल्याच्या पावतीवरसुद्धा नाही.

माया आहे, म्हणून इतका आवाज.
ताई


दि. १८ फेब्रुवारी

प्रिय मैत्रिणीस, म्हणजेच माझ्या जुन्या टीकाकार बाईंना, स. न. वि. वि.

तुझं पत्र इस्त्रीचं टेबल बाजूला सारून वाचलं. माफी मागितली नाहीस, फक्त मदत मागितलीस. हे आवडलं. माफी मागितली असतीस तर मला तू आजारी असल्यासारखं वाटलं असतं.

माझ्याकडे येणाऱ्यांतले काही खरंच चोर असतात. त्यांनाही वकील लागतो, नाहीतर कुणाचीही चौकशी न करता कुणालाही आत टाकतील. पण चोराबरोबर दर वेळी एक तुझी चिऊ असते. प्रत्येक कंपनीत असते. तिला साहेबांचा वाढदिवस पाठ असतो, तिच्याजवळ सगळ्या कपाटांच्या किल्ल्या असतात आणि निर्णय एकही नसतो. तिला आधी संचालक करतात आणि नंतर आरोपी. दोन्ही वेळा तिला न विचारता. मला या धंद्यात राग येतो तो याचा, आणि मी इतकी वर्षं त्यात आहे तीही यामुळेच.

आता कामाचं. एकच वकील दोघांचं बघू शकतो, पण दोघांचं म्हणणं एक असेल तरच. इथे साहेब सुटायचे तर चिऊ अडकायला हवी. त्या जबाबाचा अर्थ एवढाच आहे. फी साहेब देतात, तेव्हा वकील साहेबांचा. तिच्यासाठी तो फुकट नाही, फार महाग आहे. तिने त्याच्याकडून स्वतःचे कागद परत घ्यावेत, आणि साहेबांच्या घरी बोलावलं तर जाऊ नये. गोड बोलण्याला ती बळी पडेल, तुझ्या वर्णनावरून ती बोलण्याआधीच पडते. डोळ्यांच्या दवाखान्याचे कागद शोधून ठेव. ऑपरेशनच्या काळात ती तुझ्याकडे होती हे तुला शपथेवर सांगावं लागेल. आवाज जरा कमी ठेव, न्यायाधीश घाबरतात.

एक गोष्ट तुला आवडणार नाही. ती आरशासारखी स्वच्छ आहे असं मला सांगू नकोस. सहीची किल्ली तिने लेबल लावून दिली, हा निष्काळजीपणा आहे, आणि त्याचं तिला उत्तर द्यावं लागेल. आणि ती त्या कार्यालयात सगळ्यांआधी येऊन दिवे लावत होती, तिला काहीच कळलं नाही हे मला पटत नाही. तिला काय कळलं होतं, कधी, आणि तिने कुणाला सांगितलं, हे तिने मला खरं सांगायला हवं. देवमाणसांचा बचाव मला जमत नाही. ती कोर्टात उभी राहिली की हमखास खोटी वाटतात. खरं बोललं तर अटक होणारच नाही असं मी कुणालाच सांगत नाही, तिलाही नाही. एवढंच सांगते, की तिने केलंय तेवढ्याचाच तिला जाब द्यावा लागेल.

जेवणाचं राहिलंय. खटला संपला की तू वाढायचंस आणि मी उठणार नाही.
भिंगरी


दि. २३ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

भिंगरीताईंच्या पत्राची नक्कल पोचली. तू इतकं सगळं केलंस, आणि मी तुला नाही म्हणणार आहे. म्हणून सकाळपासून हे पत्र तीनदा सुरू करून फाडलं.

भिंगरीताई हुशार आहेत, पण त्यांनी आमच्या वकीलसाहेबांना पाहिलेलं नाही. तुम्ही दोघी त्यांना राक्षस ठरवून मोकळ्या झालात. खूप मऊ माणूस आहेत गं. आजचं नाही, आधीपासून. गोदामातल्या त्या दिवशीच बघ ना. वाटेत एक मोठं खोकं आडवं आलं होतं, दोन माणसं लागतात असं, आणि कुणी दिसेना म्हणून मी ते नुसतं ढकलायला गेले, तर हातात उचलून आलं. उशीसारखं. दुसरं उचललं, तेही तसंच. मी तशीच धावत साहेबांच्या खोलीत शिरले, दार न वाजवता, आयुष्यात पहिल्यांदा, आणि सांगितलं की साहेब, खोकी रिकामी आहेत. साहेब रागावून बघत राहिले. तेव्हा समोर बसलेले वकीलसाहेबच उठले, मला खुर्ची दिली, स्वतःच्या हाताने पाणी ओतून दिलं आणि म्हणाले, बाई, बसा आधी, ती लवकरच भरायची आहेत, नवीन माल येतोय, मला माहीत आहे ते. किती शांतपणे समजावलं! मला माझीच लाज वाटली. त्यानंतर मी तो विषय काढला नाही, आणि गोदामाच्या बाजूला गेलेही नाही. हे मात्र मी भिंगरीताईंना सांगेन, लपवणार नाही. पण ज्या माणसाने त्या दिवशी मला बसायला खुर्ची दिली त्याच्यावर मी आज अविश्वास दाखवू?

मनीचा अजून काही पत्ता नाही. तिच्या आवडीचं लोणी आणून ठेवलं होतं, ते संपत आलं. एकटीने किती खाणार!

परवा त्यांच्या कार्यालयात जायचं आहे, म्हणून हे कुणाच्या तरी हाती पाठवते आहे. रागाव, पण तोंड फिरवू नकोस.
चिऊ


दि. २४ फेब्रुवारी

चिऊ,

आशीर्वाद मागून. पत्र शेजारणीच्या मुलाबरोबर हातोहात पाठवते आहे, टपालाची वाट बघण्याइतका धीर नाही.

तू काय लिहिलं आहेस ते तुला तरी कळलंय का? त्या माणसाला माहीत होतं! रिकाम्या खोक्यांबद्दल तू साहेबांना सांगितलंस तेव्हा तो खोलीत बसलेला होता, त्याने ऐकलं, त्यावर उत्तर दिलं. आणि आता तोच माणूस तुझ्या जबाबात लिहितो की साहेबांना काही ठाऊक नव्हतं. अगं, त्याने तुला खुर्ची दिली ती तू बाहेर जाऊन आणखी कुणाला सांगू नयेस म्हणून. पाणी दिलं ते तुझं तोंड बंद करायला. हा तुझा वकील नाही, हा तुझा साक्षीदार आहे, आणि ते त्याला पक्कं माहीत आहे. म्हणून तर तुझी सही त्याला इतकी घाईने हवी आहे. तू सही केलीस की त्या दिवशी त्या खोलीत तू गेलीच नव्हतीस असं होईल. साहेब सुटतील, आणि त्यांच्या मागोमाग हाही.

मी भिंगरीला फोनवर तुझं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, तो परिच्छेद पुन्हा वाच. आणि मग म्हणाली, तिला सांग, हात जोडून सांग, की ऊठ.

आणखी एक. मनी काल माझ्याकडे आली होती. आल्या आल्या स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला लागली, म्हणजे तिला रडायचं होतं. मी तुझं पहिलं पत्र तिला दाखवलं, विचारल्याशिवाय, त्याबद्दल हवं तर भांड. ती म्हणाली, तिला फोटोची लाज वाटली नव्हती. तू त्या माणसासाठी खोटं बोलायला तयार आहेस हे कार्यालयातल्या कुणाकडून तिच्या कानावर आलं, त्याची वाटली. बँकेत तिने स्वतःच वरिष्ठांना सगळं सांगितलंय, त्यांनी तिला दुसऱ्या विभागात बसवलंय, नोकरी शाबूत आहे. माझं नाव पुढे करून आईला कुणी आत पाठवत असेल तर त्याला मी बघून घेईन, असं म्हणाली. घासलेलं भांडं इतकं जोरात ठेवलं की मला माझीच आठवण झाली. तेव्हा मनीसाठी म्हणून सही करायची सोयही आता तुला राहिलेली नाही.

चिऊ, तेव्हा तुला ऊठ म्हणायला सगळे विसरले होते. आज मी म्हणते आहे.

ऊठ.
ताई


दि. २७ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

उठले.

म्हणजे अगदी खरंच उठले. ऐक. वकीलसाहेबांच्या कार्यालयात पाहुण्यांसाठी एक खोल, मऊ कोच आहे. त्यात बसलं की माणूस बुडतो. माझी उंची तुला माहीत आहे. मी मागे टेकून बसले आणि बघितलं तर पाय जमिनीला टेकत नव्हते. समोर टेबलावर जबाब, त्यावर त्यांचं जाड पेन, टोपण काढून ठेवलेलं. ते म्हणाले, साहेब निघालेत, येतीलच, तोवर करून टाका. आणि मला पाणी दिलं. त्याच हाताने, तितक्याच मायेने. तो पेला बघितला आणि ताई, माझ्या जिवाचा असा काही संताप झाला की मला वाटलं, हे मी नाही, ही तू आहेस. किती सोपी वाटले होते मी त्यांना! खुर्ची आणि पाणी, झालं, बाई गप्प. आणि त्यांचं बरोबरच होतं, हा राग तर आणखीनच वेगळा.

मी पुढे सरकत सरकत कोचाच्या काठाशी आले, पाय टेकवले आणि उभी राहिले. विचारलं, खोकी रिकामी आहेत हे मी सांगायला आले तेव्हा तुम्ही असंच पाणी दिलं होतं, आठवतं का. त्यांनी पेनाला टोपण लावलं, काढलं, परत लावलं. म्हणाले, असं काही घडल्याचं त्यांना स्मरत नाही. मी म्हटलं, मला स्मरतं. मग माझे कागद मागितले. ते म्हणाले की साहेबांना फार वाईट वाटेल. मी म्हटलं, वाटू दे. कागद घेऊन जिना उतरताना साहेब वर येताना भेटले. नेहमीसारखी मी भिंतीकडे सरकले नाही. त्यांनाच सरकावं लागलं. त्यांनी नमस्कार केला का ते मी पाहिलं नाही, डोळ्यांत पाणी होतं, आणि ते रागाचं होतं की इतक्या वर्षांचं, ते अजून ठरायचं आहे.

भिंगरीताई काल इथे येऊन गेल्या. अजून एका जागी बसत नाहीत, उभ्यानेच चहा घेतला. मी त्यांना सगळं सांगितलं. लेबल, खोकी, आणि त्यानंतर मी गप्प राहिले तेही. गप्प राहिलेलं सांगताना माझा आवाज बसला. त्या म्हणाल्या, हे असंच सांगायचं, असाच आवाज बसला तरी चालेल. सोमवारी सकाळी त्यांच्याबरोबर चौकशी कार्यालयात जाऊन मी माझा जबाब देणार आहे, माझ्या शब्दांत. त्या दिवशी मला घरी सोडतीलच असं नाही, त्यांनी स्पष्ट सांगितलंय. पण वाटेल असं वाटलं होतं तितकी भीती वाटत नाही. जे केलं त्याचं उत्तर द्यायला जाते आहे. जे केलं नाही ते आता साहेबांचं साहेबांनी उचलावं, हलकंच आहे, खोक्यांसारखं.

मला घरी यायला उशीर झाला तर काय कुणाला द्यायचं ते लिहून ठेवते, म्हणजे तुमची धावपळ नको.

घराची किल्ली मनीला. लोणी नवीन आणलंय, तेही तिलाच. तिला सांग, तिच्या बाबांचा स्वेटर खालच्या कप्प्यात आहे, गारठा वाटला तर घाल, कसर लागलेली नाही. गच्चीतल्या कुंड्या खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंना, त्यांना विचारून ठेवलंय. मोगऱ्याला पाणी कमी, त्या जास्त घालतात, म्हणून आधीच बजाव.

डोळ्यांच्या दवाखान्याची पाकिटं भिंगरीताईंना, कपाटात डावीकडे. काळा चष्माही त्यांना दे, म्हणाल्या कोर्टात दाखवायला बरा.

कंपनीने मला दिलेलं भिंतीवरचं घड्याळ साहेबांना परत. त्यातले सेल मात्र काढून घे, ते माझ्या पैशांचे आहेत. रेडिओत चालतील, आणि रेडिओ तुझ्या शेजारणीला दे. पेपर दुसऱ्यांच्या दारात घेऊन फिरण्यापेक्षा बरं. निळ्या फितीचं रीळ शिवणाच्या डब्यात आहे, ते फेकून द्यायचं. कुणालाही द्यायचं नाही.

तुला काय? तुझ्यासाठी चौकशी कार्यालयाच्या दारासमोर एक लाकडी बाक आहे, मी बघून आले. उन्हात नाही. सोमवारी सकाळी येऊन तू त्याच्यावर बस. कितीही वेळ लागो, कुणी काहीही सांगो, हलायचं नाही. मी बाहेर येऊन ऊठ म्हणेपर्यंत.

तुझी,
चिऊ